दिव्यामागची वही

मे महिना जवळ आला, की आमच्या तालुक्याच्या गावातल्या नर्सिंग कॉलेजकडून निरोप येतो. १२ मे म्हणजे जागतिक परिचारिका दिन. त्या दिवशी पांढऱ्या गणवेशातल्या मुली हातात दिवे घेऊन शपथ घेतात आणि गावातल्या चार माणसांबरोबर मलाही दोन शब्द बोलायला बोलावतात. दरवर्षी मी तेच सांगत आले. श्रीमंत घरची मुलगी, युद्ध, जखमी सैनिक, रात्री हातात दिवा घेऊन फिरणारी फ्लॉरेन्स नाइटिंगेल. मग टाळ्या, चहा-सामोसा आणि घरी.

यंदा मात्र कार्यक्रमाच्या आधीच आमच्या गल्लीतल्या एका मावशींची पिशवी माझ्या हातात आली, आणि माझं भाषणच बदललं.

मावशी पासष्टीच्या. पायांवर सूज, दोन पावलं चाललं तरी धाप. हृदयाची ताकद कमी झाली आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. सरकारी आरोग्य योजनेतून सहा दिवस हॉस्पिटलमध्ये ठेवलं, सूज उतरली, घरी सोडलं. अकराव्या दिवशी पुन्हा धाप लागली. पुन्हा गाडी, पुन्हा सलाईन, पुन्हा पाच दिवस. योजनेच्या कागदपत्रांसाठी धावपळ करायला मी होतेच. दुसऱ्यांदा घरी आल्यावर कागद नीट लावून द्यावेत म्हणून पिशवी उघडली, तर दोन डिस्चार्ज कार्डं. दोन्हींच्या शेवटी एकच मजकूर, प्रकृतीत सुधारणा, घरी सोडले.

मी मावशींना विचारलं, मधल्या अकरा दिवसांत झालं तरी काय? तेव्हा कुठं उलगडा झाला. लघवी जास्त होण्याची गोळी दिली होती. भाचीचं लग्न होतं, एसटीचा चार तासांचा प्रवास. वाटेत बाईमाणसानं जायचं कुठं? म्हणून आदल्या दिवसापासून गोळी बंद केली. लग्नाहून आल्यावर बरं वाटत होतं, म्हणून ती बंदच राहिली.

यातलं एक अक्षरही कुठल्या कागदावर नव्हतं. हॉस्पिटलच्या हिशेबात दोन पेशंट बरे होऊन गेले. योजनेच्या हिशेबात दोन वेगळे क्लेम झाले. ते दोन कागद शेजारी शेजारी ठेवून पाहणारं कुणी नव्हतं. हॉस्पिटलमधून बाहेर पडलेला माणूस खरंच बरा झाला का, हे मोजायचं कुणी?

हाच प्रश्न मनात घेऊन मी फ्लॉरेन्सचं चरित्र पुन्हा वाचायला घेतलं, आणि इतकी वर्षं मी मुलींना अर्धीच गोष्ट सांगत होते हे लक्षात आलं. तिच्या एका हातात दिवा होता हे खरं. पण दुसऱ्या हातात हिशेबाची वही होती!

फ्लॉरेन्सचा जन्म १२ मे १८२० चा, इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात. आईवडील लग्नानंतर लांबच्या प्रवासाला निघाले होते. थोरली बहीण नेपल्सला जन्मली, तिचं नाव त्या शहराच्या जुन्या ग्रीक नावावरून पार्थेनोपी ठेवलं आणि धाकटीचं फ्लॉरेन्स. घर गडगंज. इंग्लंडमध्ये डर्बीशायरला एक घर, हॅम्पशायरला दुसरं. वडील विल्यम शिकलेले आणि हौशी. त्यांनी दोन्ही मुलींना स्वतः घरी शिकवलं. ग्रीक, लॅटिन, इतिहास, तत्त्वज्ञान. फ्लॉरेन्सला मात्र गणिताची ओढ. आपल्याकडे लहान मुली जसे शंख-शिंपले गोळा करतात, तशी ही पोर माहिती गोळा करायची आणि तिचे तक्ते करायची.

सतराव्या वर्षी तिला मनोमन वाटलं, की देवानं आपल्याला कामासाठी बोलावलं आहे. कुठल्या कामासाठी, ते कळायला आणखी काही वर्षं गेली. आजाऱ्यांची सेवा करायची, असं तिनं घरी सांगितलं तेव्हा मोठाच गोंधळ झाला. त्या काळी इंग्लंडमध्ये हॉस्पिटलात काम करणाऱ्या बायकांचं नाव चांगलं नव्हतं. श्रीमंत माणसं घरीच उपचार घेत. हॉस्पिटलात जायचं ते गोरगरिबांनी. अशा ठिकाणी आपली लेक? आईनं रडारड केली, बहिणीला झटके यायला लागले. मैत्रिणींनो, देश वेगळा, काळ वेगळा, पण घरातलं हे दृश्य आपल्याला किती ओळखीचं आहे ना!

रिचर्ड मंक्टन मिल्न्स नावाचा सज्जन, विद्वान माणूस तिच्याशी लग्न करायला कित्येक वर्षं थांबला होता. तिलाही तो आवडत होता. तरी १८४९ साली तिनं नकार दिला. संसार आणि मेजवान्या यांतच आपला जन्म जाईल, ही भीती तिला जास्त वाटली. १८५१ मध्ये जर्मनीतल्या कायझर्सवर्थ इथं तीन महिने राहून तिनं रुग्णसेवेचं शिक्षण घेतलं आणि १८५३ मध्ये लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरच्या, आजारी स्त्रियांसाठीच्या एका छोट्या संस्थेची ती प्रमुख झाली. पगार नव्हता. वडिलांनी वर्षाला ५०० पौंड द्यायचं कबूल केलं, तेव्हा कुठं ती स्वतःच्या पायावर उभी राहिली. वय वर्षं तेहतीस.

पुढच्याच वर्षी क्रिमियाचं युद्ध पेटलं. ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान एका बाजूला, रशिया दुसऱ्या बाजूला. जखमी आणि आजारी सैनिकांना जहाजात घालून काळ्या समुद्रापलीकडे इस्तंबूलजवळच्या स्कुटारीला आणत. तिथल्या हालांच्या बातम्या लंडनच्या वर्तमानपत्रांत आल्या आणि लोक खवळले. युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट हे फ्लॉरेन्सचे स्नेही. त्यांनी तिला विचारलं. ऑक्टोबर १८५४ मध्ये ती ३८ बायकांना घेऊन निघाली आणि ४ नोव्हेंबरला स्कुटारीला पोचली.

तिथलं हॉस्पिटल म्हणजे सैन्याची जुनी बराक. मैलमैल लांब वाटावेत असे व्हरांडे, त्यांत जमिनीवर टाकलेली माणसं. अंगावर रक्तानं ताठ झालेले कपडे, उवा, उंदीर. पाणी पुरेसं नाही, साबण नाही, टॉवेल नाही, जेवायला ताटं नाहीत. तिनं सगळ्यात आधी काय केलं असेल, तर घासायचे ब्रश मागवले. कपडे धुवायची सोय केली, स्वयंपाकघर उभं केलं, स्वतःच्या खर्चानं आणि लोकांनी पाठवलेल्या पैशांतून सामान विकत घेतलं. कुठल्याही बाईनं दुसऱ्याचं अस्ताव्यस्त घर हातात घेतल्यावर जे केलं असतं, तेच तिनं केलं. रात्री सगळीकडे सामसूम झाली, की हातात कागदी तुर्की कंदील घेऊन ती फिरायची. चित्रांत दाखवतात तसला तो दिवा नव्हता बरं का! घडी घालता येणारा साधा कंदील होता.

आणि इथं तिला आणखी एक गोष्ट दिसली. या हॉस्पिटलात किती माणसं मेली, हेच कुणाला धड माहीत नव्हतं. मृत्यूची नोंद वेगवेगळ्या वह्यांत व्हायची आणि एका वहीचा आकडा दुसरीशी जुळायचा नाही. काल खाटेवर असलेला माणूस आज नाही, तो बरा होऊन गेला, दुसरीकडे हलवला की पुरला, हे कागद बघून सांगता येत नव्हतं. तिनं स्वतः नोंदी ठेवायला सुरुवात केली.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. फ्लॉरेन्स आली आणि मृत्यू लगेच कमी झाले, असं घडलं नाही. त्या हिवाळ्यात ते वाढतच गेले. फेब्रुवारी १८५५ मध्ये दाखल झालेल्या दर शंभरातले सुमारे ४२ जण मरत होते. मार्च महिन्यात सरकारनं पाठवलेलं स्वच्छता पथक आलं, तेव्हा कळलं की बराकीखालची गटारं तुंबलेली आहेत, पाण्यात घाण आहे आणि खोल्यांना हवा नाही. गटारं उपसली, पाणी स्वच्छ केलं, भिंतींना चुना दिला, खिडक्या उघड्या केल्या. जूनपर्यंत तेच प्रमाण शंभरात २ वर आलं.

१८५६ च्या उन्हाळ्यात ती घरी परतली. देशभर तिचा जयजयकार चालला होता, ढोलताशांच्या स्वागताची तयारी होती. ती मात्र मिस स्मिथ या नावानं गुपचूप प्रवास करून घरी आली. क्रिमियात तिला तापानं गाठलं होतं, त्यातून शरीर कधीच पुरतं सावरलं नाही.

आता खरी गोष्ट सुरू होते. त्याच वर्षी लंडनमध्ये तिची विल्यम फार यांच्याशी ओळख झाली. गरीब घरातून वर आलेले हे डॉक्टर सरकारच्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात आकडेवारीचं काम बघायचे. कोण कुठं राहत होतं, कशानं मेलं, हे मोजून रोगाचं कारण शोधायचं, हा त्यांचा ध्यास. दोघांनी मिळून युद्धाची कागदपत्रं समोर ठेवली. ब्रिटनचे सुमारे २१ हजार सैनिक त्या युद्धात गेले होते. त्यातले १६ हजारांहून जास्त लढाईत नव्हे, आजारानं गेले होते. आणि सगळ्यात बोचणारी गोष्ट म्हणजे त्या हिवाळ्यात आघाडीवरच्या साध्या छावणी-हॉस्पिटलांपेक्षा स्कुटारीची परिस्थिती वाईट होती. म्हणजे जिथं ती रात्ररात्र जागली, तिथंच माणसं जास्त मेली होती.

विचार करा, काय वाटलं असेल तिला? सगळा देश तिला देवी मानत होता आणि समोरचे आकडे वेगळंच सांगत होते. काही इतिहासकार म्हणतात, की पुढं ती अंथरुणाला खिळली त्यामागं तापाइतकाच या आकड्यांचा धक्का होता. ते खरं असेल, नसेल. पण तिनं ते आकडे लपवले नाहीत, हे नक्की खरं. तिनं ते छापले. साडेआठशेच्या आसपास पानांचा अहवाल लिहिला. पानंच्या पानं आकडे मंत्री काही वाचणार नाहीत, हे ओळखून रंगीत चित्रं काढली. वर्तुळात बारा महिन्यांच्या बारा पाकळ्या. निळा रंग टाळता आले असते अशा आजारांचा, लाल जखमांचा, काळा इतर कारणांचा. निळ्या पाकळ्या इतक्या मोठ्या, की अडाण्यालाही कळावं. १८५८ साली लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीनं तिला सभासद करून घेतलं. तिथली ती पहिली स्त्री.

मग तिनं आपला मोर्चा साध्या नागरी हॉस्पिटलांकडे वळवला. लंडनमध्ये मोठमोठी हॉस्पिटलं होती, पण प्रत्येकाची नोंदवही निराळी. एका ठिकाणी ज्या आजाराला एक नाव, त्याला दुसरीकडे दुसरंच. तुलना करणार कशी? तिनं डॉ. फार यांच्या मदतीनं एक नमुना तक्ता तयार केला. त्यातले रकाने वाचून मी थक्क झाले. वर्षाच्या सुरुवातीला किती पेशंट होते, नवे किती आले, बरे झालेले किंवा आराम पडलेले किती, मेलेले किती. इथपर्यंत कुणालाही सुचेल. पण पुढं तिनं आणखी विचारलं होतं, की बरे न होताच सोडलेले किती? असाध्य म्हणून घरी पाठवलेले किती? स्वतःच्या इच्छेनं निघून गेलेले किती? आणि सरासरी किती दिवस राहिले?

हे रकाने कशासाठी? तर मरणाऱ्याला आदल्या दिवशी घरी पाठवलं, की हॉस्पिटलचा मृत्यूचा आकडा आपोआप सुंदर दिसतो! घराच्या पुढच्या खोलीतला पसारा मागच्या खोलीत ढकलून पाहुण्यांना बोलावल्यासारखं. नुसत्या मृत्यूच्या आकड्यावरून हॉस्पिटल चांगलं की वाईट हे ठरत नाही, किती बरे झाले आणि त्याला किती दिवस लागले हेही बघायला हवं, हे तिनं दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी सांगितलं.

स्वतःच्या इच्छेनं निघून गेलेले, या रकान्यापाशी मी बराच वेळ थांबले. आपल्याकडे हा रकाना कुणाच्या नावांनी भरतो? मी ज्या घरांत जाते तिथं पाहते, बाई अॅडमिट झाली की तिसऱ्या दिवसापासून तिचा जीव घराकडे. मुलांच्या परीक्षा, सासऱ्यांचं पथ्य, गाई-म्हशींची धार. डॉक्टर आणखी दोन दिवस थांबा म्हणतात, आणि ही सही करून घरी येते. ती बरी झाली म्हणून आली नाही, भाकरी थापायला दुसरं कुणी नाही म्हणून आली. तिच्यासाठी वेगळा रकाना हवा, हे फ्लॉरेन्सला कळलं होतं.

१८६० मध्ये लंडनला जगभरच्या आकडेतज्ज्ञांची परिषद भरली. तिथं तिची योजना वाचली गेली आणि मान्य झाली. लंडनच्या काही मोठ्या हॉस्पिटलांनी तसे तक्ते भरून पाहिले. पण काम किचकट, खर्चाचं, शिवाय आजारांच्या वर्गीकरणावरून डॉक्टरांत मतभेद. काही वर्षांतच ते मागं पडलं. त्याच साली सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये तिच्या नावाच्या निधीतून परिचारिकांची शाळा सुरू झाली. शाळा जगभर गाजली, वही विस्मरणात गेली.

तिचं सगळंच बरोबर होतं असं नाही. १८६३ साली तिच्या हॉस्पिटलांवरच्या पुस्तकात डॉ. फार यांचा एक तक्ता छापला गेला. लंडनच्या २४ हॉस्पिटलांत मृत्यूचं प्रमाण शंभराला ९० असं त्यात दिसत होतं. वैद्यकीय नियतकालिकांनी झोड उठवली, आणि ती रास्त होती. चूक कुठं होती? वर्षभरातले सगळे मृत्यू घेतले होते आणि त्यांना भागलं होतं एकाच दिवशी खाटांवर असलेल्या माणसांच्या संख्येनं. अहो, एका खाटेवर वर्षभरात कितीतरी माणसं येऊन जातात! महिन्याभराच्या दुधाच्या बिलाला एका दिवसाच्या लिटरनं भागून दूध महाग झालं म्हणण्यासारखं हे झालं. शिवाय मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलात गंभीर माणसं जास्त येतात, त्यांचा आकडा मोठा दिसणारच. म्हणजे आकडा दिवा होऊ शकतो, तसा डोळ्यांवरची पट्टीही होऊ शकतो.

पण ज्या गोष्टीनं माझ्या मनात तिच्याबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटला, ती अजून सांगायची आहे. खेड्यापाड्यांसाठी शिकलेल्या सुईणी तयार कराव्यात म्हणून तिनं आपल्या निधीतून लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये बाळंतिणींचा एक वॉर्ड चालवला. वॉर्ड स्वच्छ, शिकवणाऱ्या बायका तळमळीच्या. तरीही बाळंतज्वरानं बायका मरायला लागल्या. काही वर्षांत आठशेपेक्षा कमी बाळंतपणं झाली आणि पंचवीसहून जास्त आया गेल्या. १८६७ मध्ये तो वॉर्ड बंद केला गेला.

कुणीही इथं थांबलं असतं. ती थांबली नाही. ठिकठिकाणच्या बाळंतगृहांचे आकडे मागवून तिनं ते घरच्या बाळंतपणांशी ताडून पाहिले. इंग्लंडभरात हजार बाळंतपणांमागं साधारण ५ आया जात होत्या. बाळंतगृहांत, तिच्या स्वतःच्या वॉर्डातसुद्धा, हे प्रमाण कितीतरी पट जास्त. गरिबाच्या कोंदट खोलीत बाळंत होणारी बाई जगते आणि धुतलेल्या वॉर्डातली मरते, हे कसं? १८७१ मध्ये तिनं यावर पुस्तक लिहिलं आणि त्यात आपल्याच वॉर्डाचे आकडेही दिले. एका खोलीत अनेक बाळंतिणी, इतर पेशंटांकडून तिकडे येणारे डॉक्टर आणि विद्यार्थी, यांत धोका आहे असं बजावलं. रोगजंतूंचं ज्ञान तेव्हा नुकतं कुठं पुढं येत होतं. कारण पुरतं कळण्याआधी आकड्यांनी तिला बोट धरून तिथवर नेलं. आज परिस्थिती उलट आहे, हॉस्पिटलातलं बाळंतपणच सुरक्षित आहे, याबद्दल कुणी शंका घेऊ नये. पण आपण सुरू केलेलं काम आपणच मोजून, चुकलं तर बंद करणं, याला फार मोठं मन लागतं. आम्हा समाजकार्य करणाऱ्यांना तर हे पक्कं ठाऊक आहे. शिबिराचे फोटो आम्ही पेपरला देतो. शिबिरात चष्मा नेलेल्या आजीला तो लागला का, हे विचारायला किती जणी परत जातो?

भारताशीही तिचं नातं होतं. ती इथं कधीच आली नाही, पण भारतातल्या सैन्याच्या आरोग्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या शाही आयोगाकरता तिनं प्रत्येक छावणीला प्रश्नावली पाठवली. अहवाल १८६३ मध्ये आला. पूर्वी वर्षाला हजारात ६९ गोरे सैनिक मरत असत, १८७३ पर्यंत ते प्रमाण १८ वर आल्याचं तिनं दाखवून दिलं. पुढं तिचं लक्ष सैनिकांवरून आपल्या खेड्यांकडे वळलं. गावच्या स्वच्छतेबद्दल तिनं आपल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेशी पत्रव्यवहार केला.

हे सगळं बहुतेक अंथरुणावरून चाललं होतं. शेवटी दृष्टी गेली. १९०७ मध्ये ऑर्डर ऑफ मेरिट हा मोठा किताब मिळाला, तोही स्त्रियांमध्ये पहिल्यांदा तिलाच. १३ ऑगस्ट १९१० रोजी, नव्वदाव्या वर्षी ती गेली. वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या मानाच्या जागेचा प्रस्ताव घरच्यांनी नाकारला आणि तिच्या इच्छेप्रमाणे गावच्या साध्या चर्चच्या आवारात तिला पुरलं.

मग तिच्या त्या वहीचं काय झालं? ती वही आज वेगळ्या रूपानं परत आली आहे, आणि ती आणली विम्याच्या क्लेमनं. अमेरिकेत ६५ वर्षांवरच्या लोकांसाठी मेडिकेअर नावाचा सरकारी विमा आहे. प्रत्येक उपचाराचं बिल सरकारकडे जातं. त्यावर पेशंटचा क्रमांक, आजार, दाखल झाल्याची आणि सोडल्याची तारीख असते. ही बिलं मांडली होती पैशांसाठी. डॉ. स्टीफन जेंक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती शेजारी शेजारी ठेवली. २००९ साली त्यांनी दाखवून दिलं, की घरी सोडलेल्या दर पाच जणांतला जवळजवळ एक जण तीस दिवसांच्या आत पुन्हा दाखल झाला होता. आणि ऑपरेशनशिवायच्या आजारांसाठी दाखल होऊन परत आलेल्यांपैकी निम्म्यांच्या नावावर मधल्या काळात डॉक्टरला बाहेर दाखवल्याचं एकही बिल नव्हतं! नसलेल्या बिलानं गोष्ट सांगितली. घरी गेल्यावर त्यांच्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं.

२०१२ पासून तिथं ठरावीक आजारांत पेशंट प्रमाणाबाहेर परत येत असतील, तर हॉस्पिटलचे पैसे कापले जाऊ लागले. लगेच फ्लॉरेन्सच्या वेळचीच तक्रार उठली, की गरीब वस्तीतल्या हॉस्पिटलांवर हा अन्याय आहे. घरी औषधाला पैसे नाहीत, बघणारं कुणी नाही, त्याला हॉस्पिटल काय करणार? २०१८ पासून गरिबांची सेवा करणाऱ्या हॉस्पिटलांची तुलना त्यांच्यासारख्यांशीच होऊ लागली. पुन्हा भागाकार कशानं करायचा, हाच प्रश्न.

आपल्याकडेही महात्मा फुले जन आरोग्य योजनेत प्रत्येक पेशंटचा क्लेम कॉम्प्युटरवर चढतो. ते कागद शेजारी शेजारी ठेवले तर खूप काही कळेल. पण सगळंच कळणार नाही. परत यायला गाडीभाड्याचे पैसे नाहीत म्हणून घरीच राहिलेली बाई त्या हिशेबात बरी झालेलीच दिसेल. आणि एसटीच्या प्रवासासाठी गोळी थांबवणारी मावशी कुठल्याच क्लेममध्ये सापडणार नाही. ती सापडेल तिच्या घरी जाऊन विचारणाऱ्या नर्सला, आशाताईला, शेजारणीला.

म्हणून १२ मेला त्या मुलींना मी एवढंच सांगितलं. पेशंटला निरोप देताना औषधाच्या वेळा सांगता, तसं एक विचारा, घरी गेल्यावर यातलं काय जमणार नाही? आणि तुम्हा मैत्रिणींनाही सांगते. घरातल्या आजारी माणसाची सगळी डिस्चार्ज कार्डं तारखेप्रमाणे एकाच पिशवीत ठेवा. पुन्हा कधी दाखवायचं, ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करून लिहा. गोळी बंद करावीशी वाटली तर आधी डॉक्टरांना विचारा. लाज वाटण्यासारखं कारण असेल, तर तेच आधी सांगा.

मावशींनी यावेळी सांगितलं. डॉक्टरांनी प्रवासाच्या दिवशी गोळी कोणत्या वेळी घ्यायची ते ठरवून दिलं. आमच्या घरच्या एका जुन्या वहीत मी त्यांच्या नावाचं पान केलं आहे. दर सोमवारी वजन, पायाची सूज, गोळी घेतली की नाही. आज तीन महिने झाले. पिशवीत तिसरं कार्ड अजून आलेलं नाही.